मथळ्यातला भडका: बातमीत आगीचे शब्द कुठे शोभतात आणि कुठे खटकतात?

रात्रपाळीची उपसंपादक, नाशिक

नमस्कार. मी नाशिकमधील एका दैनिकात नऊ वर्षांपासून उपसंपादक आहे आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे रात्रपाळीतच गेली आहेत. बातमीच्या मथळ्यांत आगीशी संबंधित शब्द लाक्षणिक अर्थाने किती आणि कुठे वापरावेत, हा प्रश्न मला काही काळापासून स्वस्थ बसू देत नाही, म्हणून येथे मांडते आहे. भडका, ठिणगी, वणवा, आगडोंब, धग, झळ, होरपळणे, धुमसणे, आगपाखड, राखरांगोळी हे सगळे शब्द आमच्या इतके हाताशी असतात की बातमी पूर्ण वाचून होण्याआधीच मथळा सुचलेला असतो. इंधनाचे दर वाढले की 'इंधनाचा भडका', दोन आमदारांत बेबनाव झाला की 'वादाची ठिणगी', सिंहस्थाच्या कामांवर कोणी टीका केली की 'आगपाखड', आणि मे महिन्यात पारा चढला की 'सूर्य आग ओकतोय'. एखाद्या रात्री पान लावून झाल्यावर मोजून पाहिले, तर एकाच पानावर असे चार-पाच मथळे सापडतात.

या सवयीकडे माझे लक्ष दोन प्रसंगांनी वेधले. मागील वर्षी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात बोनसवरून कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात दुसऱ्यांदा वाद झाला. बातमी रात्री साडेअकराला हाती आली, जागा दोन कॉलमांची होती, आणि मी 'अंबडमध्ये पुन्हा भडका' असा मथळा देऊन पान सोडले. सकाळी सातच्या सुमारास कार्यालयात एका बाईंचा फोन आला. रखवालदाराने तो क्रमांक मला कळवला आणि मी घरून त्यांना फोन केला. त्यांचा मुलगा अंबडमध्येच तिसऱ्या पाळीला होता, अजून घरी पोहोचला नव्हता, फोन उचलत नव्हता, आणि शेजाऱ्यांनी त्यांना केवळ मथळा वाचून दाखवला होता. 'आग नेमकी कुठल्या कंपनीत लागली?' एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. बस चुकल्यामुळे मुलाला उशीर झाला होता आणि तो सुखरूप घरी आला. परंतु आग लागलेलीच नाही, हे त्यांना पटवून देताना माझी जी अवस्था झाली ती मी विसरू शकलेली नाही.

दुसरा प्रसंग त्याच्याही आधीचा आहे. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे नाशिकमध्ये औरंगाबाद रस्त्यावर, मिरची चौकाजवळ, यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस ट्रकवर आदळून पेटली आणि त्यात बारा प्रवाशांचा मृत्यू झाला. त्या बातमीत 'होरपळून' हा शब्द मी स्वतः लिहिला होता. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी दिवाळी होती आणि फराळाच्या जिन्नसांचे भाव वाढल्याच्या बातमीला मी 'महागाईत होरपळला फराळ' असा मथळा टाइप केला. तो शब्द पडद्यावर उमटलेला पाहिला आणि माझा हात थांबला. बेसनाचे आणि तेलाचे भाव वाढणे ही काही लहान गोष्ट नाही, परंतु त्याच महिन्यात, त्याच शहरात, तोच शब्द वापरणे मला शक्य झाले नाही.

आणखी एक निरीक्षण नोंदवते. 'वाद पेटला', 'कांदा पेटला', 'संघर्ष भडकला' असे आम्ही लिहितो. 'पेटवला' आणि 'भडकवला' मात्र क्वचितच लिहितो. 'पेटला' म्हटले की कर्ता सांगावा लागत नाही. वाद जणू आपोआप पेट घेतो, काडी कोणी ओढली हे विचारण्याची गरज उरत नाही, आणि बातमीतली सर्वांत कठीण माहिती मिळवण्यापासून आमची सुटका होते. ही सोय म्हणूनच हे शब्द इतके टिकले असतील का? आणि ते वापरायचेच असतील, तर कुठे वापरावेत याला काही कसोटी आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त वृत्तसंपादक, नाशिक रोड

ताई, आपण प्रश्न मनापासून विचारला आहे, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. हे शब्द टिकण्याचे एक कारण अगदी यांत्रिक आहे आणि ते नव्या पिढीला ठाऊक नसण्याची शक्यता आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा मथळे हाताने जुळवले जात. मोठ्या टायपाचे खिळे, म्हणजे धातूचे अक्षरठसे, मर्यादित असत, कॉलमची रुंदी ठरलेली असे, आणि जोडाक्षरे, रफार व वेलांट्या आल्या की जुळाऱ्याचे काम वाढत असे. 'भडका' हा शब्द तीन अक्षरांत बसतो, त्यात जोडाक्षर नाही, रफार नाही, वेलांटीही नाही. रात्री बाराच्या ठोक्याला जुळारी 'साहेब, दोन अक्षरं कमी करा' म्हणायचा, तेव्हा 'दरवाढीमुळे तीव्र असंतोष' काढून तेथे 'दरवाढीचा भडका' बसवणे हाच सरळ मार्ग असे. खिळे गेले, संगणक आला, तरी कॉलम तेवढाच अरुंद राहिला आणि सवयही राहिली.

दुसरे कारण अधिक जुने आणि अधिक सन्माननीय आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' सुरू केले आणि १८८१ मध्ये 'केसरी' निघाला. त्या काळापासून मराठी पत्रकारिता ही केवळ बातमी देणारी नव्हती, ती लोकांना जागे करणारीही होती. आपल्या सार्वजनिक जीवनात अग्नी हा प्रत्यक्ष वापरला गेलेला आहे. १९०५ साली पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली आणि त्यात पुढाकार घेणारे तरुण सावरकर आपल्याच जिल्ह्यातील भगूरचे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. या घटनांत 'होळी' आणि 'दहन' हे शब्द अलंकार नव्हते, ती कृती होती. ती करणाऱ्यांनी उघडपणे केली आणि तिची जबाबदारीही घेतली. अशा इतिहासामुळे आपल्या लिखाणात अग्नीच्या शब्दांना एक वजन आले. दुर्दैवाने ते वजन आम्ही नगरसेवकांच्या बाचाबाचीवर खर्च केले.

आता 'पाणी पेटले' या मथळ्याविषयी लिहितो, कारण तो नाशिकचा खास मथळा आहे आणि मी तो अनेकदा दिला आहे. गंगापूर, दारणा आणि इतर धरणांतून मराठवाड्यातील जायकवाडी धरणासाठी पाणी सोडण्याचा प्रश्न पाऊस कमी झालेल्या वर्षी पावसाळा संपता संपता उभा राहतो. पहिल्यांदा ज्याने कोणी 'पाणी पेटले' असे लिहिले असेल, त्याने भाषेची मोठी कामगिरी केली. आग ज्याने विझवायची तेच पेटले, हा विरोधाभास वाचकाच्या मनात थेट उतरतो. परंतु पुढे हा मथळा आमच्याकडे तयारच असायचा. ऑक्टोबर उजाडला, कोणी एक निवेदन दिले, की 'पाणी पेटणार'. बैठक झाली की 'पाणी पेटले'. आणि नदीकाठी प्रत्यक्ष कोण उभे आहे हे पाहायला वार्ताहर गेलेलाही नसायचा. या प्रश्नाचे खरे मर्म २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे, समन्यायी पाणीवाटपाच्या तत्त्वात आहे, पावसाळ्याअखेर जायकवाडीत पाणीसाठा ठरलेल्या टक्केवारीपेक्षा कमी असला तर वरच्या धरणांनी किती पाणी सोडावे या हिशेबात आहे. ते टीएमसीचे आकडे, पाणी सोडण्याचा आदेश आणि वहनात वाया जाणारे पाणी समजावून सांगणे अवघड होते, 'पेटले' लिहिणे सोपे होते. आपण म्हणता ती सोय हीच. आज मागे वळून पाहताना मला याचे वाईट वाटते, कारण नाशिकच्या आणि मराठवाड्याच्या वाचकांना एकमेकांचा हिशेब समजावा हे आमचे काम होते, आणि आम्ही दोघांनाही फक्त ज्वाळा दाखवल्या.

एका बाबतीत मात्र मी कधीही सूट दिली नाही. जिथे दोन समाजांत तणाव असेल तिथे शहराच्या नावापुढे 'पेटले' लिहायचे नाही, हा माझ्या टेबलावरचा नियम होता. भारतीय प्रेस परिषदेच्या आचारसंहितेतही जातीय तणावाच्या प्रसंगी चिथावणीखोर आणि सनसनाटी मथळे टाळावेत, आणि मथळ्याला खालच्या मजकुराचा आधार असावा, असे स्पष्ट म्हटलेले आहे. मालेगावचे नाव घेऊन असा मथळा द्या, असा आग्रह मला एकदा फोनवरून झाला होता. त्या रात्री तिथे एका चौकात दगडफेक झाली होती आणि अर्ध्या तासात ती थांबलीही होती. मी चौकाचे नाव, वेळ आणि 'दगडफेक' एवढेच छापले. संपूर्ण गाव त्या रात्री झोपलेले होते. 'मालेगाव पेटले' हे खोटे ठरले असते.

निवृत्त अग्निशमन कर्मचारी, शिंगाडा तलाव

मी लेखक नाही, परंतु ३१ वर्षे आगीची वर्दी, म्हणजे खबर, आली की धावलो आहे, म्हणून या शब्दांचे आमच्या कामातील अर्थ सांगतो. ते लक्षात घेतले तर आपल्याला हवी असलेली कसोटी कदाचित त्यातच सापडेल.

भडका ही आगीची सुरुवात नसते. बंद खोलीत आग लागली की ती आतील हवा वापरून टाकते, मग ज्वाळा खाली बसतात आणि नुसता धूर कोंडत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की आग विझत आली. अशा वेळी कोणी घाईने दार उघडले की हवा आत शिरते आणि एका क्षणात सगळी खोली पेट घेते. म्हणून आम्ही दाराला आधी हाताची मागची बाजू लावून पाहतो, दार तापलेले असेल तर बाजूला उभे राहून आणि पाण्याची लाइन तयार ठेवूनच ते उघडतो. आता आपण विचार करा: एखाद्या कारखान्यात कामगारांचे म्हणणे वर्षभर कोणी ऐकले नाही, तक्रारी दाबून ठेवल्या आणि एके दिवशी सगळे गेटवर आले, तर त्याला भडका म्हणणे माझ्या मते बरोबर आहे. मात्र त्या बातमीत वर्षभराची कोंडीही आली पाहिजे. केवळ आजचा आरडाओरडा असेल तर तो भडका नव्हे.

धुमसणे हा शब्द वर्तमानपत्रात हलका समजला जातो, आमच्या दृष्टीने तो सर्वांत चिवट आहे. मालेगावकडच्या यंत्रमागांच्या भागात किंवा कुठल्याही कापसाच्या गोदामात गाठी पेटल्या की वरून कितीही पाणी मारा, गाठ आतून धुमसत राहते. ती फोडावी लागते, उलगडावी लागते आणि एकेक थर भिजवावा लागतो. ज्वाळा नसते, फक्त जळका वास आणि बारीक धूर येतो. एकदा आम्ही पहाटे चार वाजता गोदामावरून परत फिरलो आणि दुपारी त्याच जागेची वर्दी पुन्हा आली. खालच्या रांगेतील एक गाठ आम्ही फोडली नव्हती. त्यामुळे 'असंतोष धुमसत आहे' असे वाचले की मला ती गाठ आठवते, आणि तो शब्द योग्य जागी असेल तर त्याच्यासारखा शब्द नाही.

'आग आटोक्यात' आणि 'आग विझली' यांत फरक आहे. आटोक्यात म्हणजे ती आता पुढे पसरणार नाही, एवढेच. त्यानंतर कूलिंग चालते, ढिगारे उपसले जातात, आणि मग विझली असे सांगितले जाते. आपण 'वाद आटोक्यात' लिहिता तेव्हा वाचक तो मिटला असे समजतो.

'आगीत तेल ओतणे' हाही आमच्या परिचयाचा विषय आहे. जळत्या तेलावर पाणी मारले तरी भडका होतो, कारण पाणी तेलाखाली जाते, त्याची एकदम वाफ होते आणि ती जळते तेल उडवते. तिथे फेस वापरावा लागतो. म्हणजे विझवण्याच्या हेतूने केलेली चूकही आग वाढवते. राजकीय बातम्यांत तेल ओतणारा नेहमी विरोधक असतो. चुकीच्या जागी पाणी मारणाऱ्या अधिकाऱ्याविषयी मात्र असे कोणी लिहीत नाही.

शेवटी 'होरपळून मृत्यू' याविषयी सांगतो. आगीतील पुष्कळ मृत्यू धुरात गुदमरून होतात, ज्वाळा पोहोचण्याच्या आधीच होतात. कारण स्पष्ट होण्याआधी 'होरपळून' छापू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. घरच्यांना तो एक शब्द आयुष्यभर पुरतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटात आमच्या ६६ जवानांचे प्राण गेले, त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात तरी पहिल्या पानावर 'इंधनाचा भडका' नसावा असे मला दरवर्षी वाटते, आणि इंधनाचा प्रश्न तर आपल्या जिल्ह्याला विशेष जपून हाताळायला हवा. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळ रोखायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले होते.

मराठीची शिक्षिका, येवला

एक लहानशी भर घालते. सगळेच अग्निवाचक शब्द टाळता येणार नाहीत, कारण आपली भाषाच त्यावर उभी आहे. संताप, मनस्ताप, पश्चात्ताप या तिन्हींत 'तप्' म्हणजे तापणे आहे, त्यामुळे 'संतप्त जमाव' हाही मुळात तापलेलाच जमाव. 'शोक' हा शब्द ज्या 'शुच्' धातूपासून आला त्याचा एक अर्थ जळणे, तेजाळणे असा आहे. 'ज्वलंत प्रश्न' सांगायलाच नको. या शब्दांतील आग केव्हाच निवली आहे, त्यांनी कोणाची फसगत होत नाही. फसगत होते ती ज्या शब्दांना अजून धग आहे त्यांनी. माझ्या विद्यार्थ्यांना मी एक गंमत दाखवते, की उथळ मथळ्याला आपण 'भडक' मथळा म्हणतो आणि भडका हा त्याच घरातला शब्द आहे.

आमच्या तालुक्यातील एक उदाहरण देते. मार्च २०२३ मध्ये, भाव कोसळलेले असताना, मातुलठाणच्या एका शेतकऱ्याने होळीच्या दिवशी आपल्या उभ्या कांद्याला खरोखर अग्नी दिला. त्या दिवशी वर्तमानपत्राला 'कांदा पेटला' एवढे दोनच शब्द पुरेसे होते आणि ते अक्षरशः खरे होते. पण ते आधीच इतक्या वेळा खोटे वापरले गेले होते की वर्गातील मुलांनी विचारले, 'बाई, म्हणजे भाव वाढले का?'

कांदा उत्पादक, निफाड तालुका

वरील चर्चा वाचून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भाव वाढले की 'भडका' आणि पडले की 'कोसळले', असे आपण लिहिता. कोसळणे ही आपत्ती आहे हे आम्हाला मान्य आहे. परंतु वाढणे हीसुद्धा आपत्ती कशी? 'कांद्याचा भडका' हा मथळा मुंबई-दिल्लीत पिशवी घेऊन बाजारात गेलेल्या माणसाच्या बाजूने लिहिलेला असतो, आणि तोच मथळा नाशिकच्या आवृत्तीत लासलगावपासून पाच कोसांवर राहणाऱ्या माणसाला वाचायला मिळतो.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. आम्ही तो चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये, भरतो आणि चार-पाच महिने सांभाळतो. पावसाळी हवेत चाळीला ऊब धरते, काही कांदा सडतो, काहीला कोंब फुटतो आणि चांगल्याचेही वजन घटते. श्रावणात चाळ फोडली की खालच्या थरातून काळे पाणी निघते, बायका दिवसभर बसून सडका कांदा निवडतात आणि तो वास हातांना आठ दिवस सोडत नाही. एवढे होऊन उरलेल्या मालाला भाव वाढून मिळाला तर तो आमचा घटीचा हिशेब भरून निघतो. त्याला आपण आग म्हणता.

आणि आग म्हटली की बंब आलाच. माझे खरे दुखणे इथे आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव चढले, सगळीकडे भडका-भडका झाला, आणि १९ ऑगस्टला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो, तिचा अर्थ त्या दिवशी कळला. शुल्काच्या निषेधार्थ जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. पुढे ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. मथळ्यामुळे हे झाले असे मी म्हणत नाही. मात्र भाव वाढणे म्हणजे आग, हे एकदा सर्वांच्या मनात बसले की ती विझवणारा शहाणा ठरतो आणि पाण्याखाली कोणाचे घर भिजले हे कोणी विचारत नाही. 'कांदा क्विंटलमागे इतक्या रुपयांनी महागला' असे लिहिले तर ग्राहकालाही कळते आणि मलाही अपमान वाटत नाही.

वार्ताहर, पेठ

'वणवा' या शब्दाविषयी थोडे लिहितो. आमच्याकडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात चैत्र-वैशाखात राब भाजतात. पालापाचोळा, शेण, गवत आणि वर मातीचा थर देऊन तो तुकडा जाळतात आणि पावसाआधी तिथे नागलीचे किंवा भाताचे रोप टाकतात. राब भाजताना घरातील एक माणूस ओली डहाळी घेऊन कडेला उभा असतो, कारण वारा फिरला तर ठिणगी डोंगराच्या गवतात जाते. वणवा लागला की तो उतारावरून वर वेगाने चढतो, खाली येताना रेंगाळतो, आणि जाळरेषेपाशी, म्हणजे आधीच गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यापाशी, अडतो. पाणी वर नेता येत नाही, डहाळ्यांनी झोडपूनच तो विझवावा लागतो. मी हे काम केले आहे. भुवया जळतात आणि रात्रभर खोकला येतो.

वणवा आपोआप लागला, असे बातमीत नेहमी येते. बहुतेक वेळा तो माणसाच्या हातून लागलेला असतो, आणि राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. उपसंपादक ताईंनी 'पेटला' आणि 'पेटवला' याविषयी जे लिहिले आहे ते खऱ्या आगीच्या बातमीलाही तितकेच लागू पडते. लाक्षणिक वणव्याबाबत माझी अपेक्षा एवढीच आहे की एका गावातल्या पन्नास माणसांच्या धरण्याला 'आंदोलनाचा वणवा' म्हणू नये. वणवा एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जातो.

रात्रपाळीची उपसंपादक, नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांनी धुमसणाऱ्या गाठीविषयी आणि दादांनी चाळीविषयी लिहिलेला मजकूर मी छापून आमच्या टेबलाजवळ लावला आहे.

गुरुवारी रात्री लासलगावच्या भावांची बातमी 'कांद्याचा भडका' या तयार मथळ्यासह आली. मी बाजार समितीकडून आदल्या दिवशीचा आणि त्या दिवशीचा सरासरी भाव घेतला आणि क्विंटलमागे झालेली वाढ हाच मथळा केला. तो दोन कॉलमांत बसला. मुख्य उपसंपादकांनी 'थोडे थंड वाटते' अशी हरकत घेतली, तेव्हा मी त्यांना निफाडच्या दादांचे उत्तर वाचायला दिले. त्यांनी ते उभ्यानेच वाचले आणि पान सोडायला सांगितले.

त्याच पानावर सिडकोतील पाणीपुरवठ्याच्या तक्रारींची बातमी होती. मी आधी 'पाण्यासाठी असंतोषाचा भडका' लिहिले होते. वार्ताहराला फोन करून विचारले तेव्हा कळले की त्या गल्लीतील महिलांनी मागील सात महिन्यांत चार वेळा अर्ज दिले आहेत आणि एकाचेही उत्तर आलेले नाही. तो तपशील बातमीत नव्हता. तो पहिल्या परिच्छेदात घेतला आणि मथळ्यात 'धुमसता असंतोष' ठेवला.

काकांना एक विचारायचे राहिले. एसटीच्या संपासारख्या बातमीत चर्चेची पहिली फेरी झाली, कामगार आगारात परतलेले नाहीत, परंतु संप आणखी आगारांत पसरलेला नाही, अशा अवस्थेला 'आटोक्यात' म्हणता येईल का?

निवृत्त अग्निशमन कर्मचारी, शिंगाडा तलाव

म्हणता येईल, कारण पसरणे थांबले आहे. परंतु ताई, संपावर गेलेली माणसे आणि आग यांना एका शब्दात बसवण्याआधी निफाडच्या दादांचे उत्तर पुन्हा एकदा वाचा. मी आपल्या जागी असतो तर किती आगारे बंद आहेत आणि किती सुरू आहेत तेवढेच लिहिले असते.